अहवाल ‘पिण्यास योग्य’, पण कोणत्या नळाचा?

पत्र : सोलापूरच्या हद्दवाढ भागातील बेचाळीस घरांच्या एका गृहनिर्माण सोसायटीची मी सचिव आहे. आमच्याकडे पाचव्या दिवशी पाणी सुटते, तेही सुमारे तीन तास. गेले दोन महिने पहिली दहा-पंधरा मिनिटे पिवळसर, वास मारणारे पाणी येते आणि नंतर ते स्वच्छ दिसू लागते. या काळात सोसायटीतील चार मुलांना जुलाब झाले आणि दोन मोठ्या माणसांना कावीळ झाली. आम्ही लेखी तक्रार केली, तेव्हा कर्मचारी येऊन नमुना घेऊन गेले आणि काही दिवसांनी ‘पिण्यास योग्य’ असा अहवाल हाती आला. आता निम्मे सभासद म्हणतात की, प्रश्न मिटला. उरलेले म्हणतात की, वर्गणी काढून सोसायटीसाठी मोठे आरओ यंत्र बसवावे. माझी मुलगी अमेरिकेत ओहायो राज्यात असते. तिच्या घरी दरवर्षी पाण्याच्या गुणवत्तेचा अहवाल येतो. तो तिने मला पाठवला आणि ‘तुम्हाला असे काही मिळते का?’ असे विचारले. मला उत्तर सुचले नाही. या अहवालावर विश्वास ठेवावा का, आणि आम्ही नेमके काय करावे? — एक सचिव, सोलापूर

सचिवताई, सप्रेम नमस्कार.

तुमच्या हातातला अहवाल खोटा आहे असे मी म्हणणार नाही, कारण तसे मानायला तुमच्या पत्रात काही आधार नाही. मात्र तो खरा असूनही तुमच्या प्रश्नाचे उत्तर त्यात नसेल, अशी दाट शक्यता मला दिसते. पाणी तपासण्याच्या कामात माझी बरीच वर्षे गेली आणि त्या काळात मी स्वतः ‘योग्य’ असा शेरा मारलेल्या कितीतरी कागदांचा लोकांनी फार मोठा अर्थ लावलेला पाहिला आहे. एका बाटलीतले पाणी एका नळाला, एका घटकेला कसे होते, एवढेच तो कागद सांगतो. तेव्हा तो पुन्हा काढा आणि नमुना कोठून घेतला, किती वाजता घेतला, त्या वेळी पाणी सुटून किती वेळ झाला होता आणि नमुना घेताना नळाच्या पाण्यात शेष (म्हणजे उरलेला) क्लोरीन किती मिळाला, हे त्यावर लिहिले आहे का ते पाहा. नमुना पाणी सुटल्यावर तासाभराने घेतला असेल, तर तुमची तक्रार ज्या पहिल्या पंधरा मिनिटांची आहे ती त्या बाटलीत उतरलेलीच नाही. शेष क्लोरीनचा रकाना कोरा असेल, तर तो अहवाल मी अर्धाच मानीन.

क्लोरीनचा एवढा आग्रह का, ते सांगतो. जंतूंची तपासणी करताना नमुना प्रयोगशाळेत एक ते दोन दिवस उबवावा लागतो. म्हणजे निकाल हाती येईपर्यंत ते पाणी लोकांनी पिऊन संपवलेले असते. नळावर उभ्या उभ्या, मिनिटाच्या आत कळणारी एकच खूण आहे, ती म्हणजे शेष क्लोरीन. शुद्धीकरण केंद्रात मिसळलेला क्लोरीन वाटेतली घाण मारण्यात खर्ची पडतो आणि उरलेला नळापर्यंत पोहोचतो. पिण्याच्या पाण्याच्या भारतीय मानक १०५०० नुसार हा उरलेला मुक्त क्लोरीन लिटरला किमान ०.२ मिलिग्रॅम असावा, आणि विषाणूंपासून संरक्षण हवे असेल तेव्हा किमान ०.५. त्याच मानकानुसार १०० मिलिलिटर पाण्यात ई. कोलाय हा विष्ठेतून येणारा जंतू अजिबात आढळता कामा नये; येथे ‘थोडासा’ चालत नाही. गढूळपणाची स्वीकार्य मर्यादा १ एनटीयू (गढूळपणा मोजण्याचे एकक) आहे, आणि दुसरा स्रोतच नसेल तर ५ पर्यंत सूट आहे. कर्मचारी ज्याला ओटी टेस्ट म्हणतात ती हीच क्लोरीनची तपासणी : परीक्षानळीतल्या पाण्यात थेंब टाकल्यावर पिवळा रंग आला तर क्लोरीन आहे, रंगच आला नाही तर नाही. ज्या केंद्रातून पाणी निघताना क्लोरीन व्यवस्थित होता त्याच पाण्याला तुमच्या नळावर रंग येत नसेल, तर वाटेत त्याला काहीतरी भेटले आहे.

ते काय भेटले, हे समजण्यासाठी पाचव्या दिवसाच्या पाळीकडे पाहावे लागेल. पाच दिवसांचे तास होतात १२०. त्यांपैकी तुमच्या गल्लीतली वाहिनी तीन तास भरलेली असते आणि ११७ तास रिकामी किंवा अर्धवट भरलेली. भरलेल्या वाहिनीत आतला दाब बाहेरच्यापेक्षा जास्त असतो, त्यामुळे कोठे भेग असली तर पाणी बाहेर गळते. ती गळती डोळ्यांना दिसते, लोक तक्रार करतात, रस्ता खणला जातो. पाणी बंद झाल्यावर मात्र उताराकडचे पाणी निघून जाताना वाहिनीत पोकळी होते आणि त्याच भेगेतून बाहेरचा ओलावा आत ओढला जातो. शेजारून ड्रेनेज लाईन गेली असेल, किंवा घरात येणारा जुना गंजका नळजोड गटारातून आडवा गेलेला असेल, तर आत काय ओढले जाते हे सांगायची गरज नाही. पाळीचे पाणी सुटले की हा सगळा साठलेला गाळ सर्वांत पुढे ढकलला जातो आणि तुमच्या नळाला पिवळे पाणी येते. मग पाठीमागचे चांगले पाणी येते, दृश्य सुधारते आणि नमुना घेणारा माणूसही साधारण त्याच वेळी पोहोचतो.

यात आपल्या शहरातल्या एका सवयीचा हातभार आहे, आणि हे सचिव म्हणून तुम्हाला सभेत बोलावे लागेल. पाणी सुटले की अनेक घरे नळाला थेट मोटर जोडतात. दोष मी एकट्यादुकट्याला देत नाही. शेजारी ओढतो म्हणून आपणही ओढतो, नाहीतर वरच्या टाकीत थेंब चढत नाही. पण मोटर पाणी ओढते म्हणजे वाहिनीत दाबाऐवजी शोष निर्माण करते, आणि पाणी चालू असतानाही भेगांतून घाण आत येण्याची वाट मोकळी होते. चांगल्या दाबाच्या तीन तासांतले निम्मे तास या ओढाओढीत जातात. बेचाळीस घरांच्या सोसायटीने ही गोष्ट आपल्यापुरती बंद केली, नळाचे पाणी आधी हौदात पडू दिले आणि मोटर फक्त हौदातून वर चढवण्यापुरती ठेवली, तर तक्रार करताना तुमचा शब्द जड होईल.

काविळीबद्दल स्वतंत्रपणे लिहितो, कारण त्यावरून अहवालाचा अर्थच बदलतो. दूषित पाण्यातून होणारी कावीळ बहुधा हिपॅटायटिस ए किंवा ई या विषाणूंमुळे होते आणि ती पाणी पोटात गेल्यापासून साधारण दोन ते आठ आठवड्यांनी दिसू लागते. म्हणजे आज डोळे पिवळे दिसत असतील तर दोष महिना-दीड महिन्यापूर्वीच्या पाण्यात शोधायला हवा, आणि आजचा स्वच्छ नमुना त्या पाण्याला निर्दोष ठरवू शकत नाही. दुसरे असे की, विषाणू हे ई. कोलायपेक्षा क्लोरीनला अधिक दाद न देणारे असतात, त्यामुळे ई. कोलाय नाही म्हणून विषाणूही नाहीत, असा सरळ निष्कर्ष काढता येत नाही. सोसायटीत कोणी गरोदर असेल तर तिने आजपासून फक्त उकळलेले पाणी प्यावे. हिपॅटायटिस ई गरोदरपणात, विशेषतः शेवटच्या महिन्यांत, जिवावर बेतू शकतो. दोन्ही रुग्णांचे रक्त तपासून कोणती कावीळ आहे ते डॉक्टरांकडून लेखी घ्या आणि जुलाब झालेल्या मुलांच्या तारखांसह ते जवळच्या नागरी आरोग्य केंद्राला कळवा. पाण्याच्या तक्रारीपेक्षा आजाराची नोंद पुष्कळदा लवकर हलते, असा माझा अनुभव आहे.

आता तुमचे काम. दोष वाहिनीत आहे की तुमच्या आवारात, हे आधी वेगळे करायला हवे. मी कामावर असताना एका मोठ्या वसाहतीने तीन महिने तक्रारींचा धडाका लावला होता. शेवटी आम्ही मुख्य वाहिनीवरचा आणि हौदातला असे दोन नमुने एकाच सकाळी घेतले तेव्हा बाहेरचे पाणी ठीक निघाले आणि हौदाचे वाईट. हौदाच्या भिंतीपासून जेमतेम चार पावलांवर शोषखड्डा होता आणि जुन्या प्लास्टरला तडे गेले होते. त्या वसाहतीच्या अध्यक्षांनी आमच्याशी बोलणेच सोडले, तो भाग वेगळा.

तुम्ही पुढच्या पाळीला चार बाटल्या भराव्यात : पहिली, पाणी सुटताच, हौदाच्या आधीच्या तोटीवरून, दुसरी, त्याच तोटीवरून अर्ध्या तासाने, तिसरी हौदातून, आणि चौथी एखाद्या घराच्या स्वयंपाकघरातल्या नळावरून. जंतू तपासणीसाठी घरच्या बाटल्या चालत नाहीत. सरकारी सार्वजनिक आरोग्य प्रयोगशाळेतून किंवा एनएबीएल (प्रयोगशाळांना मान्यता देणारे राष्ट्रीय मंडळ) मान्यता असलेल्या खासगी प्रयोगशाळेतून निर्जंतुक बाटल्या आणाव्या लागतात. त्यांच्या तळाशी थोडे रसायन असते, ते क्लोरीनला निष्प्रभ करण्यासाठी घातलेले असते, म्हणून बाटली विसळू नये आणि झाकणाच्या आतल्या बाजूला बोट लावू नये. याच कारणाने त्या बाटलीतून नंतर क्लोरीन मोजता येत नाही; तो तोटीवरच, वेगळ्या पाण्यात, ओटीच्या थेंबांनी किंवा गुलाबी रंग देणाऱ्या डीपीडी संचाने मोजा आणि वेळेसह लिहून ठेवा. बाटल्या बर्फाच्या डब्यात ठेवून शक्यतो सहा तासांत आणि कोणत्याही परिस्थितीत चोवीस तासांच्या आत पोहोचवा. सोलापूरच्या उन्हात स्कूटरच्या डिकीत तीन तास राहिलेल्या बाटलीचा निकाल कोणीही मान्य करणार नाही, आणि करूही नये.

पहिली बाटली वाईट आणि दुसरी चांगली निघाली तर गल्लीतल्या वाहिनीत किंवा तुमच्या नळजोडात घाण शिरते आहे. दोन्ही चांगल्या आणि तिसरी वाईट असेल तर हौद रिकामा करून घासा, तडे बुजवा आणि झाकण पाहा. शिवाय बोअरचे किंवा टँकरचे पाणी त्याच हौदात सोडत असाल तर ते थांबवा, कारण नळाच्या पाण्यातला उरलासुरला क्लोरीन ते खाऊन टाकते. चारही वाईट निघाल्या तर तुमची गोष्ट सोसायटीच्या फाटकाबाहेर गेली. अशा वेळी तुमच्या भागाच्या उंच टाकीला पाणी कोठून येते हे विचारून घ्या, कारण आपल्या शहराचे पाणी एकाच वाटेने येत नाही. उजनी धरणाहून थेट वाहिनीने येणारे पाणी पाकणीच्या केंद्रात शुद्ध होते. उजनीतून भीमेच्या पात्रात सोडलेले पाणी पंढरपूरवरून वाहत टाकळीला उचलले जाते आणि सोरेगावच्या केंद्रात येते. हिप्परग्याच्या तलावाचे पाणी भवानी पेठेतल्या केंद्राकडे जाते. उजनीत पुणे आणि पिंपरी-चिंचवडचे सांडपाणी मुळा-मुठा आणि भीमेतून उतरते, हे काही गुपित नाही, आणि मैलोगणती उघड्या पात्रातून आलेल्या पाण्याला क्लोरीनची भूक जास्त असते. एकाच टाकीवरच्या दुसऱ्या वसाहतीतही तक्रार आहे का, याची चौकशी चावीवाल्याकडे, म्हणजे पाणी सोडणाऱ्या कर्मचाऱ्याकडे, करा. कोणत्या गल्लीला आधी घाण पाणी येते हे त्याच्याइतके कोणालाच ठाऊक नसते, आणि त्याला सहसा कोणी विचारत नाही.

तुमच्या मुलीच्या प्रश्नाकडे येतो. अमेरिकेत सुरक्षित पेयजलाचा संघराज्य कायदा १९७४ चा आहे. १९९६ च्या दुरुस्तीनंतर लोकवस्तीला बारमाही पाणी पुरवणाऱ्या प्रत्येक यंत्रणेला आपल्या ग्राहकांना वर्षातून किमान एकदा, १ जुलैपर्यंत, आधीच्या वर्षात पाण्यात काय आढळले याचा अहवाल देणे बंधनकारक झाले, आणि ई. कोलायची मर्यादा मोडली गेली तर चोवीस तासांत लोकांना कळवावे लागते. आपल्याकडे १०५०० हे मानक उत्तम आहे, पण नळाने पाणी पुरवणाऱ्या संस्थेने त्याचा दरवर्षीचा हिशेब घरोघरी द्यावा असे बंधन नाही. म्हणून ‘असे काही मिळते का?’ याचे प्रामाणिक उत्तर ‘घरपोच मिळत नाही, मागावे लागते’ असे आहे. तरी अमेरिकेचे फार कौतुकही नको : २०१४ मध्ये मिशिगन राज्यातल्या फ्लिंट शहराने पाण्याचा स्रोत बदलला तेव्हा नळातून शिसे उतरू लागले, आणि हा सगळा कायदा त्या वेळी जागेवरच होता.

मागायचे कसे, तर माहिती अधिकार अधिनियम, २००५ खाली. महाराष्ट्र महानगरपालिका अधिनियमाच्या कलम ६३ मध्ये पाणीपुरवठ्याची व्यवस्था हे महापालिकेचे बंधनकारक कर्तव्य म्हणून दिलेले आहे, आणि प्रदूषणमुक्त पाणी हा संविधानाच्या अनुच्छेद २१ मधील जगण्याच्या हक्काचा भाग असल्याचे सर्वोच्च न्यायालयाने १९९१ मध्येच म्हटले आहे. त्यामुळे अर्जात याचना नको आणि आरोपही नकोत. फक्त नोंदी मागा. दहा रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प लावून एवढेच लिहा की, गेल्या सहा महिन्यांत आमच्या टाकीवरून पाणी मिळणाऱ्या भागात कोणकोणत्या ठिकाणी, कोणत्या तारखेला व वेळेला नमुने घेतले, प्रत्येकाचा शेष क्लोरीन व अणुजैविक निकाल काय, अयोग्य ठरलेल्या नमुन्यांनंतर काय कारवाई झाली आणि फेरनमुना कधी घेतला, याच्या नोंदवहीच्या प्रती मिळाव्यात. ‘पाणी दूषित का येते?’ असा प्रश्न त्यात घालू नका. या कायद्याखाली कागद मिळतात, खुलासे मिळत नाहीत. उत्तरासाठी तीस दिवसांची मुदत आहे, आणि माहिती जीविताशी संबंधित असेल तर ४८ तासांची. काविळीचे वैद्यकीय कागद जोडून तुम्ही ती दुसरी तरतूद लावून पाहू शकता. एक गोष्ट फारशी कोणी वापरत नाही : याच कायद्याच्या कलम २ मधील व्याख्येत कामाची पाहणी करण्याचा आणि पदार्थाचे प्रमाणित नमुने घेण्याचा अधिकारही समाविष्ट आहे. पुढचा सरकारी नमुना घेतला जाईल तेव्हा पाणी सुटण्याच्या क्षणी, तुमच्या दोन सभासदांसमोर घ्यावा, ही मागणी याच आधारावर करा.

नोंदी आल्या की त्या मोजा. जागतिक आरोग्य संघटनेच्या मार्गदर्शनानुसार पाच लाखांवरील शहरासाठी वर्षाला दर ५०,००० लोकसंख्येमागे १२ आणि त्यावर आणखी ६०० एवढे किमान नमुने घ्यावेत. २०११ च्या जनगणनेत सोलापूरची लोकसंख्या ९,५१,५५८ होती, म्हणजे हा आकडा वर्षाला सुमारे ८३०, दिवसाला दोनांहून थोडा अधिक येतो. पण आकड्यापेक्षा ठिकाणे बारकाईने वाचा. केंद्राच्या दारातले आणि टाकीखालचे नमुने शंभर टक्के चांगले येणारच. वाहिनीच्या शेपटाकडचे, चढावरच्या घरातले, पाळीच्या पहिल्या दहा मिनिटांतले नमुने त्या वहीत किती आहेत, यावर ती वही ठेवणाऱ्याचा हेतू कळतो.

आरओ यंत्राच्या वर्गणीला माझा विरोध आहे. पाण्यातले विरघळलेले क्षार लिटरला ५०० मिलिग्रॅमपेक्षा कमी असतील तर आरओची गरज नसते. राष्ट्रीय हरित लवादानेही २०१९ मध्ये अशा ठिकाणी आरओ वापरण्यावर बंदी घालण्याचे निर्देश दिले होते. तुमचा दोष क्षारांचा दिसत नाही, जंतूंचा दिसतो. आरओ क्लोरीन काढून टाकते, बरेच पाणी गटारात सोडते आणि ते शुद्ध पाणी तुम्ही पुन्हा सामाईक टाकीत साठवले तर तेथे त्याला कसलेच संरक्षण उरत नाही. पाचव्या दिवशी पाणी मिळणाऱ्या सोसायटीने निम्मे पाणी ओतून देणे मला तरी पटत नाही. हीच वर्गणी नळजोडाचा गंजका तुकडा बदलायला आणि हौदाच्या दुरुस्तीला वापरा.

तोपर्यंत पिण्याचे पाणी खळखळून उकळू द्या, बुडबुडे आल्यावर एक मिनिट पुरे, आणि ते झाकून त्याच भांड्यात निवू द्या. तुरटी फिरवल्याने गाळ बसतो, जंतू मरत नाहीत. वाहिनीतले पहिले पाणी हौदात न घेता बाहेर सोडा. झाडांना घाला, अंगण धुवा, पण हौदात पडू देऊ नका, कारण पाच दिवसांचा साठा त्यानेच नासतो. हौद भरल्यावर दर हजार लिटरला अडीच ग्रॅम चांगल्या प्रतीची टीसीएल (ब्लीचिंग) पावडर बादलीभर पाण्यात कालवून, गाळ खाली बसू देऊन, वरची निवळ तेवढी हौदात टाका आणि अर्धा तास पाणी वापरू नका. त्यानंतर ओटीला पिवळा रंग आला पाहिजे. पावडर उघडी राहिली की तिचा जोर उतरतो, तेव्हा घट्ट झाकणाचा डबा घ्या. हौदाच्या झाकणाला फट ठेवू नका. साठवलेल्या स्वच्छ पाण्यातच डेंग्यूचा डास वाढतो.

एक अडचण मात्र आधीच सांगून ठेवतो. जंतू तपासणीचे नमुने प्रयोगशाळा सहसा सगळ्या दिवशी आणि सगळ्या वेळी स्वीकारत नाहीत, आणि तुमची पाळी शनिवारी रात्री आली तर चारही बाटल्या सोमवारपर्यंत निरुपयोगी होतील. म्हणून बाटल्या आणायला जाल तेव्हाच स्वीकारण्याचे वार आणि वेळ लिहून आणा, चावीवाल्याकडून पुढच्या तीन पाळ्यांच्या तारखा घ्या, आणि ज्या तारखेला दोन्ही जुळतील ती सोसायटीच्या फलकावर आजच लावा.